बंदुकीचे प्रगतिपुस्तक

वाचकहो, या पानावर मी एरवी पुस्तके, म्हणी आणि आमच्या कॉलेजातल्या उत्तरपत्रिका यांपलीकडे फारसा जात नाही. यंदा दिवाळीच्या मुहूर्तावर मात्र बंदुकीविषयी लिहिणार आहे. आणि तीही टिकल्यांची नव्हे, खरी!

त्याचे असे झाले. माझा भाचा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. आता तिथलाच नागरिक झाला आहे. ताई, म्हणजे त्याची आई, त्याच्याकडेच राहते. गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी त्यांच्याकडे जायला निघालो, तोच ताईचा फोन आला. "तू येतोयस ते बरं झालं. ह्यानं घरात बंदूक आणलीय. हरणं मारायला! घरात सहा वर्षांचं पोर आहे. तुझं तो ऐकतो. दुकानात परत करायला लाव." मामाच्या शब्दाला अजून एवढी किंमत आहे हे ऐकून मी सुखावलो आणि चकल्यांच्या डब्याबरोबर हे वकीलपत्रही घेऊन विमानात बसलो.

भाच्याने माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. "मामा, मी अजून एकही गोळी झाडलेली नाही. शनिवारी तिची परीक्षा घेऊ. नापास झाली तर विकून टाकीन." परीक्षा म्हटल्यावर मास्तर माणसाचा नाइलाज होतो.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपवला. माझ्या पिढीने बंदूक पाहिली ती बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर. त्यामुळे त्या रात्री पोर झोपल्यावर भाच्याने जेवणाच्या टेबलावर ठेवलेली ती काळी वस्तू मला प्रथम बंदूक वाटेचना. दस्ता प्लॅस्टिकचा! शिसवीच्या दस्त्याची, चांदीच्या नक्षीची बंदूक डोळ्यांपुढे असलेल्या माणसाला हे म्हणजे प्लॅस्टिकच्या देव्हाऱ्यासारखे वाटले. किंमत दुर्बिणीसकट साडेपाचशे डॉलर. तिथल्या हिशेबाने ही अगदी खालच्या पायरीची. चांगल्या कारागिराकडून करून घेतलेल्या रायफलीला याच्या दसपट सहज पडतात.

हिला बोल्टची रायफल म्हणतात. बोल्ट म्हणजे आपली दाराची कडीच. मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलली की नवे आत जाते, आणि मूठ खाली दाबली की कडी बसते. माउझरने १८९८मध्ये ही रचना इतकी पक्की केली की पुढच्यांना तीत भर घालायला फारसे उरलेच नाही. त्याच्या बोल्टच्या तोंडाशी दोन दात असतात आणि मूठ काटकोनात उचलावी लागते. भाच्याच्या बोल्टला तीन दात, म्हणून थोडी उचलली तरी पुरते. बोटे दुर्बिणीला आपटत नाहीत.

मग स्वस्त कशी? काडतूस आत बसल्यावर त्याच्यामागे किती जागा राहावी याचे गणित केसभरही चुकून चालत नाही. पूर्वी एकेक नळी कानशीने घासून बसवणारा कारागीर लागे. सॅव्हेज कंपनीने १९५८मध्ये काढलेल्या ११० क्रमांकाच्या रायफलीत नळी आट्यांवर फिरवून मापाशी आणायची आणि मग मोठ्या नटाने आवळून टाकायची, अशी सोय केली. कारागिराचे काम पान्याने होऊ लागले. हा नट पुढे इतरही अनेक कारखान्यांनी उचलला. म्हणजे पैसे वाचले ते मुख्यतः कारागिराच्या मजुरीत आणि दस्त्याच्या लाकडात, नळीत नव्हे.

शनिवारी शेजारचा एक म्हातारा शेतकरी आम्हाला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला. त्याचा मका हरणे खातात आणि तो हरणे खातो, असा जुना व्यवहार. प्रवासी व्हिसावर आलेल्या माझ्यासारख्याने तिथे बंदूक हाती धरणे कायद्यात बसत नाही. म्हणून कानांवर टोप्या चढवून, वही-पेन्सिल घेऊन मी मागे बसलो. कागद तपासणे हा तर माझा धंदाच!

शंभर यार्डांवर कागद लावला. पहिल्या तीन गोळ्या मध्यापासून सहा इंच डावीकडे आणि चार इंच खाली. भाच्याचा चेहरा उतरला. म्हातारा मात्र खूश. तिन्ही भोके जवळजवळ होती ना! चूक एकसारखी असली की ती दुरुस्त होते. दुर्बिणीची एक टिकटिक म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. उजवीकडे चोवीस, वर सोळा. पुढच्या तीन गोळ्या मध्याभोवती सव्वा इंचात. मी वहीत पहिला वर्ग लिहिला.

लिहून होते न होते तोच सगळे बिघडले. भाचा उत्साहाने भराभर झाडत सुटला आणि भोके कागदावर वर वर चढू लागली. तीन इंचांचा पसारा झाला. म्हाताऱ्याने खिशातून एक डॉलरची नोट काढली आणि नळी व दस्ता यांच्यामधल्या फटीत सरकवली. नुसती ठेवलेल्या रायफलीत नोट सरळ गेली. पण दस्त्याचे पुढचे टोक वाळूच्या पिशवीवर दाबले, तशी ती अडकली. प्लॅस्टिक वाकून नळीला टेकत होते, आणि बारीक नळी तापल्यामुळे त्यात भर. त्याने पिशवी मागे, मॅगझिनजवळ सरकवली आणि नळी थंड होईपर्यंत आम्हाला कॉफी पाजली. मग भोके पुन्हा एकत्र आली. मॅगझिनची खिटी तेवढी ढिली, हे व्यंग मात्र गेले नाही. दोनदा ते आपोआप गवतात पडले. त्याचे मी गुण कापले.

"थंड नळीतली पहिली गोळी तेवढी बघा," म्हातारा म्हणाला. "हरीण दुसरीसाठी थांबत नाही."

एवढ्यावर बंदूक पास झाली. भाचा तीनशे यार्डांच्या गोष्टी बोलू लागला. त्याचे काडतूस १९५२ साली निघालेले .३०८चे. शंभर यार्डांना जुळवलेली त्याची गोळी दोनशेवर चारेक इंच आणि तीनशेवर फुटाहून अधिक खाली उतरते, असे तो मला सांगत होता. म्हातारा काही बोलला नाही. त्याने शंभर यार्डांवर कागदाच्या पाच थाळ्या टांगल्या. हरणाचे काळीज आणि फुफ्फुसे मिळून साधारण आठ इंचांचे वर्तुळ होते, थाळी तेवढीच. "आता टेबल सोड. उभा राहा. रानात टेबल नसतं."

पाचांपैकी दोन थाळ्यांना गोळी लागली.

मी वहीत आकडा लिहिला आणि मान वर केली नाही. वर्गात हुशार मुलगा फळ्यापाशी अडखळला की मी खिडकीबाहेर बघतो, तसे. उरलेल्या तीन थाळ्या तीन हरणे असती, तर त्यांतले एखादे अख्खे सुटले असते. बाकीची पोटात किंवा पायात गोळी घेऊन रानात शिरली असती आणि कुणाला सापडलीही नसती. हे भाच्याला सांगावे लागले नाही. जमिनीवर बसून, गुडघ्यावर कोपर टेकून त्याने पुन्हा पाच झाडल्या, चार लागल्या. मग माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्यानेच वहीत लिहिले : बसल्याशिवाय नाही, शंभरापलीकडे नाही.

ताईला मी काय सांगणार? बंदूक पास झाली म्हटले तर वकीलपत्र फुकट! पण बोल्टच्या रायफलीचा एक गुण त्या शेतकऱ्याने जाता जाता दाखवला होता. बोल्ट पूर्ण मागे ओढून काढून घेतला की उरते ती नुसती काठी. तेव्हा तह असा झाला : काठी तळघरातल्या कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि बोल्ट ताईच्या कपाटात, किल्ली तिच्याकडे. ताई तासभर रागातच होती. मग तिने विचारले, "एवढंच काढलं की उडत नाही?" आणि ते जड लोखंड जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवले.

तिथे हरणांचा रायफलीचा हंगाम नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. तोवर मी परत आलो होतो. रात्री ताईचा फोन आला. पहाटे चारला उठून तिने बोल्ट काढून दिला, चहा दिला. तो नारिंगी जाकीट घालून गेला आणि अंधार पडल्यावर गारठून परतला. एक मादी दिसली होती म्हणे, मक्याच्या पलीकडच्या बांधाला, दीडशे यार्डांवर. अर्धा तास तिथेच चरत होती. तो बसून नुसता बघत राहिला.

"आता आंघोळीला गेलाय," ताई म्हणाली. "थांब हं, ते लोखंड ओलं झालंय, पुसून ठेवते."