स्क्रॅच कार्ड सोडा, कन्सेशनचा फॉर्म भरा

रिचार्ज केला की मोबाईलवर एक रंगीत चौकोन येतो. घासला की कधी चार रुपये, बहुतेक वेळा 'पुन्हा प्रयत्न करा'. आमच्या कॉलेजवयीन वाचकांना असले चौकोन, कूपन, प्रोमो कोड सगळे पाठ असतात. पण याच मुलांपैकी कितीतरी जण वर्षभर लोकलचा पूर्ण पैशांचा पास काढतात, कारण कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीवर रांग असते आणि क्लार्क 'उद्या या' म्हणतो.

तर आधी हिशेब. लोकलच्या विद्यार्थी पासाला निम्मं भाडं लागतं. वयाची अट साधारण 25 वर्षांची, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना 27. तीन महिन्यांचा पास हा तीन मासिक पासांच्या किमतीला नाही, 2.7 पटीला मिळतो. समजा मासिक पास 300 रुपयांचा आहे. वरचे किरकोळ आकार सोडले, तर तुमचा झाला 150चा. तीन वेळा काढला तर 450, एकदम तिमाही काढला तर 405. मात्र परीक्षा दोन महिन्यांत संपून सुट्टी लागणार असेल तर तिमाहीच्या फंदात पडू नका, दोन मासिकच स्वस्त. रेल्वेच्या आर-वॉलेटमध्ये पैसे भरले की 3 टक्के बोनस मिळतो, तोही घ्या. पण एकीकडे 3 टक्के आणि दुसरीकडे 50 टक्के, हे लक्षात असू द्या. मुलींनी आणखी एक गोष्ट खिडकीवर जरूर विचारावी. 2008च्या रेल्वे अर्थसंकल्पात मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत मासिक पास मोफत देण्याची घोषणा झाली होती.

इथपर्यंतचं गणित डोंबिवलीच्या मुलाला पुरतं. शेलारच्या मुलाला नाही.

शेलार भिवंडीला चिकटून असलं तरी महापालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीत. भिवंडी रोड नावाचं स्टेशन आहे, पण ते वसई-दिवा मार्गावर आणि तिथल्या गाड्या मोजक्या. पहिलं लेक्चर सकाळी साडेसातचं असेल तर त्या वेळापत्रकावर कोण विसंबणार? म्हणून सगळे कल्याण नाहीतर ठाणे गाठतात. आधी नदीनाका, मग भिवंडी एसटी स्टँड, मग पुढची शेअर रिक्षा. जायच्या दोन, यायच्या दोन. प्रत्येकी 20 रुपये, म्हणजे कमीच धरले तरी दिवसाचे 80 झाले. महिन्यात 25 दिवस कॉलेज म्हटलं तर 2,000. आणि लोकलचा पास? वरच्या हिशेबाने दीडशे! म्हणजे जिथे सवलत आहे तिथे खर्चच थोडा, आणि जिथे खरे पैसे जातात तिथे सवलतीचा पत्ता नाही. शेअर रिक्षाला विद्यार्थी पास नसतो. फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबई महानगरात रिक्षाचं किमान मीटरभाडं 23 वरून 26 झालं. शेअरवाले मीटर टाकत नाहीत, पण भाव वाढवायला मीटर लागतो कुठे?

या टप्प्यावर पैसे वाचवायचा एकच मोठा मार्ग आहे, एसटी. राज्य परिवहनच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना 66.67 टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांशच भरायचा. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत. पुढच्या वर्गातल्या मुलींना पास काढायचा नसला तरी 17 मार्च 2023पासून महिला सन्मान योजनेत तिकीट निम्मं आहे. जून 2024पासून एसटीने पास थेट शाळा-कॉलेजात देण्याची मोहीम सुरू केली. तुमच्या कॉलेजात कुणी आलं नसेल तर वर्गप्रतिनिधीने प्राचार्यांकडून यादी करून आगारात नेऊन द्यावी. बस उशिरा येते, गर्दी असते, हे खरंच. पण भिवंडी स्टँडपासून पुढचा टप्पा बसने आणि पहिला तेवढा रिक्षाने केला, तरी महिन्याचा हिशेब बराच खाली येतो.

गावी जाण्याबद्दलही सांगायला हवं. भिवंडीच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्या घरांतली मुलं सुट्टीत उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणात जातात. 20 मार्च 2020 रोजी रेल्वेने बहुतेक सवलती बंद केल्या, ज्येष्ठ नागरिकांचीही गेली. विद्यार्थ्यांची राहिली. सुट्टीत घरी जाताना सेकंड क्लास आणि स्लीपरला 50 टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना 75 टक्के. त्यासाठी प्राचार्यांच्या सहीचा फॉर्म घेऊन आरक्षण खिडकीवर जावं लागतं. ॲपवर काम भागवणाऱ्या मुलांना ही खिडकी दिसतच नाही.

राहता राहिले रिवॉर्ड पॉइंट. क्रेडिट कार्ड घेतलंच असेल तर पूर्ण बिल वेळेवर भरा. थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. वर्षभर जमवलेले पॉइंट एका थकलेल्या महिन्यात धुऊन निघतात.

पण सगळा भार मुलांच्या हुशारीवर टाकणं आम्हाला पटत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये 'मुंबई वन' ॲप आलं. मेट्रो, मोनो, लोकल, बेस्ट, टीएमटी, केडीएमटी, नवी मुंबई, मीरा-भाईंदर अशा 11 सेवा त्यात आहेत. भिवंडी महापालिकेचं नाव त्यात नाही. जर्मनीत विद्यापीठांच्या विद्यार्थी संघटनांनी एकत्र बसून वाहतूक कंपन्यांशी भाव ठरवले आणि 'सेमेस्टर तिकीट' मिळवलं. आपल्याकडे विद्यार्थी संघटना पोस्टर लावतात, शेअर रिक्षाच्या भाड्यावर बोलत नाहीत.

बोलायची वेळ आत्ता आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण या 24.9 किलोमीटरच्या मेट्रो 5चं काम चालू आहे. मेट्रो 2अ आणि 7वर 1 मे 2023पासून विद्यार्थ्यांना 25 टक्के सवलत आहे, पण फक्त बारावीपर्यंत. एफवायला गेलेला मुलगा तिथे पूर्ण तिकीटवाला ठरतो. मेट्रो 5वर पहिली गाडी धावण्याआधी ही अट पदवीपर्यंत नेण्याची मागणी शेलार, नदीनाका, अंजूरफाट्याच्या मुलांनी सह्यांसकट एमएमआरडीएकडे द्यावी. शेलारहून अंजूरफाट्याच्या किंवा धामणकर नाक्याच्या स्टेशनपर्यंत विद्यार्थी पास चालणारी बस हवी, ही दुसरी मागणी त्याच कागदावर.