गॅरेजमधून आली आणि गुणगुणायला लागली

शनिवारी संध्याकाळी गाडी गॅरेजमधून परत येते. बिल बघून पोटात गोळा आलेला असतो, पण गाडी मात्र चकाचक. पुढचे शॉकअप नवे, व्हील अलाइनमेंट झालेली, मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे. रविवारी सकाळी सगळी गँग कोंबून तुम्ही लोणावळ्याला निघता. टोलनाका मागे पडतो, काटा साठच्या पुढे सरकतो आणि खालून सुरू होतं... घुंऽऽऽऽ. तुम्ही गुपचूप म्युझिक वाढवता. तरी मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतंच, "काय रे, टेक-ऑफ घेतोयस का?"

सोमवारी गॅरेजला फोन केलात, की ठरलेल्या दोन उत्तरांपैकी एक मिळतं. "साहेब, टायर गेलेत, चारही टाकून घ्या." किंवा "बेअरिंग गेलंय." दोन्ही खरी असू शकतात. दोन्हींचे पैसे मात्र तुमच्याच खिशातून जातात! म्हणून 'करा' म्हणायच्या आधी एकच गोष्ट शोधून ठेवा. आवाज कसा येतो, हे नाही. तो कशाने बदलतो, हे. आवाजाची नक्कल करण्यात आपण सगळेच पटाईत असतो, पण मेकॅनिकला 'घुंऽऽऽ'पेक्षा 'साठच्या वर येतो, उजवीकडे वळलं की वाढतो' हे वाक्य दहापट उपयोगी पडतं.

त्याआधी एक अपवाद. चाकं काढून बसवलेली असतील आणि आवाज घुंऽऽ नसून खट्-खट् असा, स्पीडबरोबर वाढणारा असेल, किंवा स्टिअरिंग थरथरत असेल, तर टेस्ट-बिस्ट काही नाही. गाडी बाजूला घ्या, हॅझर्ड लावा आणि चाकाचे नट तपासा. घाईत एखादं चाक हातानेच आवळून राहिलेलं असू शकतं. नट किती आवळायचे, याचाही हिशेब असतो. बहुतेक छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर, नेमका आकडा ओनर्स मॅन्युअलमध्ये. एअर गनने 'टर्रर्र' केलं म्हणजे तो बसलाच असं नाही, शेवटचा हात टॉर्क रेंचनेच फिरवायला हवा. चाकं काढल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासून घ्यावेत, अलॉय असतील तर नक्कीच. कोणताही टायरवाला दोन मिनिटांत करून देतो.

नट ठीक आहेत? मग आता डिटेक्टिव्हगिरी.

रिकामा, सरळ रस्ता बघा. साठवर असताना क्लच दाबा. इंजिनाचे आरपीएम खाली येतील. आवाज तसाच राहिला तर इंजिन सुटलं, भानगड चाकांच्या बाजूला आहे. मग रस्ता बदला. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे मुळात काँक्रीटचा, आणि काँक्रीटवर चांगले टायरसुद्धा गातात. तिथून उतरून गुळगुळीत डांबरावर आलात आणि आवाज एकदम बसला किंवा सूर बदलला, तर संशय टायरवर. बेअरिंगला खाली काँक्रीट आहे की डांबर, याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्याची घरघर तशीच चालू राहते.

तिसरी टेस्ट वळणाची. मोठ्या, सौम्य वळणावर गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डावीकडच्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला आणि डावीकडे वळताना कमी झाला, तर डावीकडचं बेअरिंग बघायला सांगा. उलट झालं तर उजवीकडचं. शंभर टक्के खात्रीची नाही ही टेस्ट, पण चारातली दोन चाकं तरी बहुतेक वेळा यादीतून कटतात. (ट्रॅफिकमध्ये लेन कापत करायचा प्रयोग नाही हा, प्लीज!)

आता मुख्य प्रश्न. काम करायच्या आधी नव्हता, तो आवाज नंतर आला कुठून?

बऱ्याचदा तो आधीपासूनच होता. फक्त मागे होता. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, मागची चाकं नुसती ओढली जातात. त्यांच्या टायरचे ठोकळे पुष्कळदा तिरके झिजतात, प्रत्येक ठोकळ्याची एक कड उंच आणि एक खाली. गाडी थांबवून टायरवरून गोलाईत हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर तुमचा गवई सापडला. टायर कंपन्या ठोकळे मुद्दाम थोडे लहान-मोठे ठेवतात, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच सूर लागत नाही. झीज अशी वेडीवाकडी झाली की ती सगळी मेहनत पाण्यात. रोटेशनमध्ये हे टायर पुढे आले, म्हणजे कॉन्सर्ट थेट तुमच्या पायाखाली.

शॉकअपचंही तसंच. जुने शॉकअप मेले होते तेव्हा चाक उड्या मारत होतं आणि टायरवर जागोजागी खड्डे पडत होते. शॉकअप बदलले, खड्डे टायरवरच राहिले. अलाइनमेंटही पुढची झीज थांबवते, झालेली भरून काढत नाही. म्हणजे गॅरेजवाल्याने काही बिघडवलं नाही. फक्त 'साहेब, आवाज थोडे दिवस राहील' एवढं शनिवारी सांगितलं असतं, तर तुमचा रविवार वाचला असता.

पण कधीकधी बिघाड कामातूनच येतो, आणि तेव्हा भिडस्तपणा नको. नवं बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवलं, तर तो मार आतल्या गोळ्यांमधून रिंगवर जातो, बारीक खळगे पडतात आणि कोरं करकरीत बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरतं. ते प्रेसवरच बसवायचं असतं. ब्रेकचं काम झालं असेल आणि पत्रा घासल्यासारखं 'खर्रर्र' येत असेल, तर डिस्कमागचं पत्र्याचं कव्हर वाकलंय का ते आधी पाहा. बहुतेकदा हाताने सरळ होतं, फुकटात! ज्या टायरवर दिशेचा बाण असतो, तो उलटा बसवला तरी आवाज येतो, आणि पावसात पकडही कमी होते. बाण पुढे जाण्याच्या दिशेने हवा.

गाडी इन्शुरन्सच्या कामासाठी तीन-चार आठवडे एकाच जागी उभी होती? मग टायर खालून चपटे झालेले असतील. सकाळी धप्-धप्, आणि दहा-वीस किलोमीटरनंतर टायर गरम झाले की गायब. हवा बरोबर ठेवा आणि विसरा. अडकलेला खडाही असतोच. १६५/८० आर १४ साइझचा टायर एका फेरीत जवळपास दोन मीटर जातो, म्हणजे ताशी वीसला खडा सेकंदाला सुमारे तीनदा टिकटिकतो. स्क्रू ड्रायव्हरने काढा. मात्र खड्याऐवजी खिळा दिसला तर जागेवर उपटू नका, आधी पंक्चरवाल्याकडे जा.

एवढं करूनही टायर की बेअरिंग, हे ठरेना? मग गॅरेजमध्ये सांगा, एकाच बाजूचे पुढचे-मागचे टायर अदलाबदल करा आणि सोबत ट्रायल मारा. आवाज टायरबरोबर मागे गेला तर टायर, जागेवरच राहिला तर बेअरिंग. या कामाचे पैसे बेअरिंगपेक्षा खूप कमी, आणि चार टायरांशी तर तुलनाच नको. ट्रायलला मेकॅनिकला मागे बसवा आणि स्वतः चालवा. आवाज कधी येतो ते तुम्हाला माहितीये, त्याला नाही.

टायरचा निकाल लागला तरी लगेच पाकीट काढायची गरज नाही. ठोकळ्यांच्या खाचांमध्ये १.६ मिलिमीटर उंचीची छोटी पट्टी असते. रबर तिच्या पातळीला येईपर्यंत, कुठे फुगा किंवा चीर नसेल तर, वेड्यावाकड्या झिजेचा टायर वैताग देतो, पण चालतो. मागे टाका आणि गाणी ऐका. बेअरिंगचं मात्र तसं नाही. ते निघालं तर पुढच्या लोणावळ्याची वाट न बघता त्याच आठवड्यात बदला, आणि जुनं बेअरिंग परत मागून घ्या. हातात धरून फिरवलंत की खरखर तुम्हालाही जाणवेल.