सामाईक कचेरी आणि धुऱ्यावरील साग

भंडारा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या संस्था आतां थोड्या नाहींत. सेवा सहकारी संस्था, उत्पादक कंपन्या, दुग्धसंस्था, तलावांवरील मच्छीमार संस्था, प्रत्येकीस स्वतंत्र कचेरी हवी, आणि तीही सिमेंटचीच हवी. कामापेक्षां दर्शनी फरशी व उद्घाटनाचा दगड यांचाच मोह अधिक, असें आम्हांस कधीं कधीं वाटतें.

वस्तुतः सेवा संस्थेकडे गर्दी मार्चांत वसुलीची व पावसाळ्याच्या तोंडीं पीककर्जाची. धानखरेदीची धामधूम दिवाळीच्या सुमारास सुरू होते. एरवीं टेबलावर धूळ. सर्वांनीं एका छपराखालीं बसावें व ज्याची गर्दी त्यास जागा वाढवून द्यावी, हें सहज शक्य आहे. परंतु विटांची भिंत सरकत नाहीं, फळ्यांची सरकते. मालगुजारांचे जुने वाडे वाचकांनीं पाहिलेच आहेत. सारा भार सागाच्या खांबांवर व मयालींवर. मधली फळ्यांची आडभिंत काढली तरी वरचें कवेलू हालत नाहीं. सांधे कुसू व साल यांचे, म्हणून उकललेलें लांकूड दुसरीकडे पुन्हा उभें करतां येतें. 1951 मध्यें मालगुजारी गेली. वाड्याचें लांकूड मात्र अद्याप गिऱ्हाईक शोधून घेऊन जातें.

लांकूड जळतें, हा आक्षेप येतोच. जाड तुळईचा बाहेरून कोळसा होतो तो मिनिटास एक मिलिमीटरहूनही कमी, आणि तो कोळसाच आंतल्या गाभ्यास राखतो; उघडें लोखंड तापलें म्हणजे वाकतें. नॉर्वेंत ब्रुमुंडल येथें 2019 मध्यें पुरी झालेली 18 मजल्यांची इमारत फळ्या चिकटवून केलेल्या खांबांवर उभी आहे, व तींत कचेऱ्याही आहेत. आपल्या केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्यानें 1993 पासूनची लांकडावरील बंदी 2020 मध्यें उठविली. दिल्लीच्या नव्या संसद भवनास सागवान नागपुराहून गेलें. त्याच नागपूरच्या शेजारीं राहून आपण सिमेंटचे ठोकळे कां रचावेत? वाळवीचें भय मात्र खरें. त्यास दगडी तळखडा, रुंद पडवी व निवळ गाभ्याचें लांकूड, एवढें तरी पाहिजेच.

लांकूड जंगलांतून आणावयाचें नाहीं. सभासदांच्या धुऱ्यांवर साग आहे. लग्नकार्यांत अडला म्हणजे शेतकरी तो उभ्या झाडाच्या भावानें व्यापाऱ्यास देतो, कारण कागदपत्रांची यातायात त्यास नको असते. महसुली दप्तरांत आमचीं वर्षें गेलीं. ही भीति आम्ही ओळखतों. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणें परवानगी, पुढें वाहतूक परवाना. आदिवासी खातेदाराच्या झाडांस 1969 चा निराळा कायदा. एकट्यास हें जड जातें, संस्थेनें दहा सभासदांचे अर्ज एकत्र चालविले तर जाणार नाहीं. झाडाची वाजवी किंमत सभासदाच्या भागभांडवलांत जमा धरावी. साग खुंटापासून पुन्हा फुटतो खरा. तथापि तेवढ्यावर न राहतां एका झाडामागें पांच लावल्याची नोंद वहींत दिसली पाहिजे, आणि ती तपासणारा सभासदांपैकींच असावा.

ज्यांचीं झाडें तोडण्याजोगीं आहेत त्यांनीं छातीच्या उंचीवरील घेर मोजून, सात-बाराच्या उताऱ्यासह, वार्षिक सभेपूर्वीं आपापल्या संस्थेच्या चिटणिसांस कळवावें.