गाली, गाळी आणि बालाघाटची ट्रॉली

दिवाळीचा फराळ डब्यात भरत होते, तेवढ्यात बालाघाटहून धाकटीचा फोन आला. बालाघाट म्हटलं की आपल्याकडे पुष्कळांना बीडकडचा डोंगर आठवतो. हे ते नव्हे. हे मध्य प्रदेशातलं, गोंदियाच्या पलीकडचं, वैनगंगेच्या काठचं बालाघाट. जंगल, मँगनीजच्या खाणी आणि धानाची शेती यांचा हा जिल्हा. तिथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. नागपूरच्या मावशीनं स्थळ सुचवलं आणि बेळगावची पोर तिकडे गेली, त्याला आता वीस वर्षं झाली. घरात मराठी, शेजारी पोवारी, बाजारात हिंदी. आपल्यासारखंच सगळं, फक्त कन्नडच्या जागी हिंदी.

"ताई, मामांना जरा विचार की, ट्रॉलीला टायर कुठले घालायचे?" धाकटी म्हणाली.

दिवाळीच्या फोनवर टायरची चौकशी! पण तिचंही बरोबर होतं. धान कापून पडलेलं, ते खरेदी केंद्रावर न्यायचं. आणि त्याआधी कार्तिक पौर्णिमेला रामपायलीची जत्रा. दर वर्षी त्याच ट्रॉलीत ताडपत्री बांधायची, खाली पेंढा, वर सतरंज्या, आणि घरातली-शेजारची पंधरा-वीस माणसं जत्रेला. हे चित्र तुम्हा-आम्हाला काही नवं नाही. भारत हुण्णिमेला सौंदत्तीच्या रस्त्यावर अशाच ट्रॉल्यांची रांग असते. चूल, भांडी, पोरंबाळं, म्हातारीकोतारी, सगळं एका ट्रॉलीत. परदेशात म्हणे मोटारीमागे घर जोडून हिंडतात. महाराष्ट्र सरकारनंही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आपलं कॅराव्हॅन मात्र अजून ट्रॉलीच आहे. आठवडाभर ऊस नाहीतर धान वाहणारं आणि पौर्णिमेला माणसं वाहणारं.

आमचे मामा गोकाककडचे, आईचे धाकटे भाऊ. तीस वर्षं उसाची वाहतूक केली. मराठी बोलतात, पण विषय जिव्हाळ्याचा निघाला की कन्नडवर जातात. मी फोन स्पीकरवर ठेवला.

"मोदलु गाली नोडु, आमेले गाळी," मामांनी सुरुवात केली.

कन्नड घरात वाढलेल्यांना सांगायला नको. गाली म्हणजे चाक, गाळी म्हणजे वारा, हवा. आधी चाक बघ, मग हवा. धाकटीनं तिकडे नवऱ्याला मोठ्यानं सांगितलं, "गाली बघा म्हणतात, आणि गाळी!" तर मागून तिच्या सासूबाईंचा आवाज आला, "कोन कोनाले गाली देऊन रायलं वं? सणासुदीचं?" हिंदीत गाली म्हणजे शिवी. दोन्हीकडे हसून हसून पुरेवाट झाली.

हसणं ओसरल्यावर तिच्या यजमानांनी मुद्दा मांडला. चार चाकांची ट्रॉली, माप ७.५०-१६. गावातला एक दुकानदार ट्रकवरून उतरलेले चार टायर निम्म्याहून कमी भावात देतोय. खाचा चांगल्या खोल आहेत, काळेभोर दिसतात. "मामाजी, चालून जाईल ना?"

"जावईबापू, जन्मतारीख बघितली का?"

"कुणाची?"

"टायरची!"

इथे वाचकहो, थोडं थांबून सांगते, कारण ही गोष्ट मलाही त्या दिवशीच नीट कळली. टायरच्या बाजूवर बऱ्याच अक्षरांच्या शेवटी एक लांबट गोल चौकट असते, आणि तिच्यात चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. कधी कधी हे आकडे एकाच बाजूला असतात आणि बसवताना ती बाजू आत जाते. मग वाकून, बॅटरी लावून बघावं लागतं. दुकानदार बघू देत नसेल तर तिथून उठावं.

हे कशासाठी? मोटारीचा टायर बहुधा पळून पळून झिजतो. ट्रॉलीचं तसं नाही. ती हंगामात चार महिने राबते आणि उरलेले आठ महिने गोठ्याशेजारी उन्हात उभी असते. खाचा तशाच राहतात, पण ऊन आणि हवेतला ओझोन रबराला कडक करतात. बाजूला केसासारख्या बारीक भेगा पडतात. टायर न पळता म्हातारा होतो. बऱ्याच कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासून घ्या, आणि दहा वर्षांनंतर कितीही चांगला दिसला तरी काढून टाका. १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खाच राहिलेला टायर मोटारीला चालत नाही, हा नियम आहेच. पण ट्रॉलीच्या बाबतीत खाच बघून समाधान मानणं म्हणजे नवरदेवाचा फेटा बघून वय ठरवणं.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी फोटो पाठवले. दुकानातले चार टायर चार वेगवेगळ्या वर्षांचे निघाले. सगळ्यांत धाकटा नऊ वर्षांचा.

"रिमोल्ड करून घेतले तर?" त्यांनी विचारलं. मामांनी सरसकट नाही म्हटलं नाही. रिमोल्ड वाईट नसतो. ट्रकवाले नेहमी करतात. पण तिथे आतला सांगाडा आपल्या माहितीचा आणि तरुण हवा. म्हाताऱ्या सांगाड्यावर नवं रबर चढवलं तर खाचा नव्या येतात, सांगाडा जुनाच राहतो.

मग आला भाराचा प्रश्न. जन्मतारखेपेक्षा हा अधिक महत्त्वाचा, असं मामांचं मत. टायरच्या बाजूवर मापाच्या शेजारी एक आकडा असतो. त्याला भारांक म्हणू. १२१ म्हणजे त्या एका टायरनं १४५० किलो पेलायचे. १२५ म्हणजे १६५०, १२८ म्हणजे १८००. दोन आकडे तिरप्या रेघेनं लिहिले असतील तर पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. कुठे १२ पीआर, १६ पीआर असंही लिहितात. ते ताकदीचं माप आहे, आत तेवढे थर असतात असं नव्हे.

"ट्रॉलीवर किती घालता?"

"शंभर पोती. चाळीस किलोचं एक."

"रिकामी ट्रॉली?"

"अठराशे."

हिशेब सोपा. चार हजार आणि अठराशे, अठ्ठावन्नशे. चार टायर, प्रत्येकी १४५०. त्यांच्या मापात मिळणाऱ्या टायरचा भारांक १२१. "बरोबर बसलं की!" जावईबापू खूश झाले.

"बसलं नाही. काट्यावर जावा," मामा म्हणाले.

बालाघाटात भातगिरण्या पुष्कळ, म्हणजे वजनकाटेही. भरलेली ट्रॉली आधी ट्रॅक्टरपासून सोडवून पूर्ण तोलली. मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून पुन्हा तोलली. एकूण ५८०० बरोबर आले, पण मागच्या आसावर निघाले ३१००. म्हणजे मागच्या एकेका टायरवर १५५० किलो. शंभर किलो जास्त, तेसुद्धा उभ्या ट्रॉलीत. खड्ड्यात चाक आदळलं, वळणावर भार एका अंगाला गेला, की आणखी. कागदावर सरासरी बरोबर होती, आणि मागचे दोन टायर वर्षानुवर्षं जादा ओझं वाहत होते. ट्रॅक्टर हळू चालतो म्हणून कंपन्यांच्या तक्त्यात थोडी सवलत असते हे खरं. "ती सवलत खड्ड्यांना ठेवावी, पोत्यांना नाही," हे मामांचं म्हणणं मला पटलं.

आता दोनच वाटा होत्या. मोठ्या मापाचे टायर घ्यायचे, तर रिमही बदलायची, खर्च दुप्पट. नाहीतर माप तेच ठेवून ओझं कमी करायचं. घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी ठरलं की टायर त्याच मापाचे, पण चारही नवे, एकाच बनावटीचे, चालू वर्षाचे. आणि पोती शंभरऐवजी पंचाहत्तर. मागच्या टायरवर आता तेराशेच्या आत भार येतो. फेऱ्या वाढल्या, डिझेल वाढलं. पण भर रस्त्यात टायर फुटून धान सांडलं तर त्याचा हिशेब कोण करतो?

राहिली गाळी. "गालीगिंत गाळी मुख्य," मामा सांगत होते. चाकापेक्षा हवा महत्त्वाची. नवा टायरसुद्धा हवा कमी असली की बाजूनं दबतो, फिरताना तीच जागा पुन्हा पुन्हा वाकते, तापते, आणि आतले थर सुटू लागतात. टायर फुटण्यामागे पुष्कळदा हेच असतं. म्हणून हवा सकाळी, टायर गार असताना मोजायची, भाराप्रमाणे कंपनीनं सांगितली तेवढी भरायची. हातोडा मारून आवाजावरून ठरवायची नाही. नव्या टायरबरोबर ट्यूब आणि फ्लॅपही नवे घ्यायचे. चाक बसवल्यावर थोडं अंतर चालवून नट पुन्हा आवळायचे. बेअरिंगला ग्रीस भरायचं. हंगाम संपला की ट्रॉली सावलीत, ठोकळ्यावर उचलून ठेवायची, टायरवर पोतं टाकायचं. आणि काढलेला भेगाळ टायर स्टेपनी म्हणून ठेवायचा नाही. अडचणीच्या वेळी तोच दगा देतो.

मामा इतके पोटतिडकीनं का बोलतात, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. नव्वदच्या दशकात आम्ही सगळे सौंदत्तीला निघालो होतो. त्याच आठवड्यात एका ठिकाणाहून जुने टायर घेऊन बसवले होते. दिसायला झकास. यरगट्टीच्या अलीकडे मागचा डावा टायर फुटला. ट्रॉली उलटली नाही, यल्लम्माची कृपा. पण एका अंगाला कलली आणि मावशी फळीवरून खाली पडली. तिचा उजवा कोपर अजून सरळ होत नाही. भाकरी थापताना हात तिरका धरते. मामा तिच्याकडे जेवायला बसले की मान वर करत नाहीत. ते टायर त्यांनीच आणले होते.

म्हणून शेवटी त्यांनी धाकटीला जे सांगितलं, ते मी जसंच्या तसं देते. "टायर चांगले घातले म्हणून माणसं बसवायची परवानगी मिळाली असं समजू नको, मगळे."

कारण टायर हा अर्धाच प्रश्न आहे. १ ऑक्टोबर २०२२ ला कानपूर जिल्ह्यात घाटमपूरजवळ देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली आणि पंचवीसहून अधिक माणसं गेली, त्यात बायका-मुलंच जास्त. २ ऑक्टोबर २०२५ ला मध्य प्रदेशातच, खंडवा जिल्ह्यात, देवीच्या विसर्जनाला निघालेली ट्रॉली पाण्यात गेली आणि अकरा जीव गेले. तिथे टायर फुटले होते असं नव्हे. पण ट्रॉली माल वाहायला केलेली असते. बसायला जागा नाही, धरायला काही नाही, कडेला कमरेएवढी फळी. शेतीच्या ट्रॉलीतून प्रवासी नेणं कायद्यातही बसत नाही, आणि काही झालं तर विम्याची भरपाई नेमकी तिथेच अडते.

धाकटीच्या घरी हे सांगणं सोपं नव्हतं. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून ट्रॉलीतूनच, आणि त्याआधी बैलगाडीतून, जत्रेला जाणाऱ्या. "आमाले काय झालं आजवर?" त्यांचा सवाल. त्यावर कुणी वाद घातला नाही. धाकटीनं फक्त मावशीशी व्हिडिओवर बोलणं करून दिलं. दोघी बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही.

पौर्णिमेला ट्रॉलीतून भांडी, शिधा आणि सतरंज्या गेल्या. माणसं भाड्याच्या दोन जीपमधून गेली. परत आल्यावर सासूबाईंनी फोनवर सांगितलं, "जीपमधी काही मजा नाई आली वं. झोप मात्र चांगली लागली."

आता आपल्याकडे भारत हुण्णिमे येईल. ट्रॉल्या धुतल्या जातील, रंगवल्या जातील, हार घातले जातील. त्याआधी एखाद्या सकाळी दारातल्या ट्रॉलीपाशी जरा वाका आणि ते चार आकडे वाचा. बाजूला भेगा आहेत का, बोटानं बघा. मुलांनाही दाखवा, त्यांची नजर बारीक असते. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी बसची तिकिटं आधीच काढून ठेवा.