एका टाकीत पाच फायटर माद्या?

फायटर मासा टाकीत एकटाच ठेवायचा, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. दोन नर एकत्र आले की कल्ले फुगवून एकमेकांवर तुटून पडतात, म्हणूनच दुकानात ते वेगवेगळ्या बरण्यांत दिसतात. या नियमातून एक पळवाट मात्र सर्रास सुचवली जाते: भांडतात ते नर, माद्या पाच-सहा असल्या तरी एका टाकीत बिनधास्त सोडा. रंगीबेरंगी माद्यांचा घोळका कुणालाही आवडेल. तरीही घरच्या टाकीत हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा मासा मूळचा थायलंडमधल्या सखल, पाणथळ भागातला. झुंजी लावण्यासाठी तिथे पिढ्यान्‌पिढ्या जिंकणाऱ्या नरांचीच पैदास केली गेली. झुंजीत माद्यांना कधी उतरवले नाही, तेव्हा त्या मवाळ राहिल्या असतील, असे वाटणे साहजिक आहे. मकाऊमधील संशोधकांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळेच दिसले: झुंजीच्या वाणातल्या माद्या रानटी वाणातल्या माद्यांपेक्षा जास्त आक्रमक निघाल्या. नरांत जोपासलेला तापटपणा लेकींतही उतरला होता. दुकानातले शोभेचे फायटर तितके तापट नसतीलही. पण तेही पाळीव फायटरच, आणि त्यांच्या माद्या शांतच असतील असे गृहीत धरायला आधार नाही.

माद्यांचे भांडण नरांइतके भडक नसते, त्यामुळे ते नजरेतून सुटते. आधी वरचढ कोण, याचा निकाल लागतो. मग सगळ्यांत दुबळी मादी फिल्टरच्या मागे दडून बसते. तिचा रंग उतरतो, अंगावर आडवे पट्टे उमटतात, पर मिटलेले राहतात. दाणे टाकले तरी ती बाहेर येत नाही. शेपटीच्या कडा कुरतडलेल्या दिसतात आणि अशा जखमांतून पर सडण्याचा रोग जडतो. त्यात हा मासा पाण्याबाहेर तोंड काढून हवाही घेतो. वरचढ मादी पृष्ठभागावरच ठाण मांडून असेल, तर दुबळीला श्वासासाठी वर जाणेही जोखमीचे होते. मालकाला मात्र वाटते, टाकीत सगळे आलबेल आहे.

निसर्गात हे मासे एकाच पाणथळीत राहतातच की, असा एक आक्षेप घेतला जातो. राहतात, पण तिथे हरलेली मादी गवतात शिरून दूर निघून जाते. टाकीत कुठेही पळाली तरी काच आडवी येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जाणकारांकडे असे गट दीर्घकाळ टिकलेले दिसतात. ते खरेही आहे. पण त्यांची टाकी मोठी असते, एकमेकींच्या नजरेआड होता येईल इतकी दाट पाणवनस्पती असते, माद्या बहुधा लहानपणापासून एकत्र वाढलेल्या असतात, आणि एखादीला तातडीने हलवायला रिकामी टाकी तयार असते. एवढे करूनही एक मादी दगावली किंवा नवी आली की वरचढपणाची लढाई पुन्हा पेटू शकते. ‘माद्या एकत्र राहतात’ या सोप्या सल्ल्यात यातले काहीच सांगितलेले नसते. तिसरा आक्षेप भावनिक आहे: एकटी मादी कंटाळेल. फायटर हा थव्याने राहणारा मासा नाही. कोमट, स्वच्छ पाणी, थोडा आडोसा आणि वीसेक लिटरची टाकी मिळाली, तर तिला सोबतीणीची गरज नसते.

घोळका पाहण्याची हौस चुकीची नाही, फक्त त्यासाठी मासा चुकीचा निवडला जातो. आपल्याच देशातल्या ओढ्यांतला झेब्रा डॅनिओ थव्यानेच रमतो, काटक असतो आणि स्वस्तही मिळतो. पाच फायटर माद्या मागणाऱ्या गिऱ्हाइकाला विक्रेत्याने हा पर्याय दाखवायला हवा, आणि विक्रेत्याने नाही दाखवला तर गिऱ्हाइकाने तो स्वतःहून मागावा.