ॲसिड ओता आणि विसरा?

गेल्या शनिवारी आमच्या सोसायटीत नाली साफ करायला येणाऱ्या मामांचा हात भाजला. आगीने नाही, ॲसिडने. आणि ते ॲसिड दुकानातून आणून देणारा शहाणा मीच! त्यामुळे आज जरा रागातच लिहितोय, त्यातला अर्धा राग स्वतःवर.

झालं असं, की मागच्या बाजूची, स्वयंपाकघरांच्या सांडपाण्याची नाली तुंबली. शुक्रवारी रात्री सेक्रेटरीकाका म्हणाले, "अरे, दोन बाटल्या ओत, सकाळपर्यंत मोकळी!" ओतल्या. सकाळी पाणी होतं तिथंच, फक्त आता त्यात ॲसिड होतं. मामांना कुणी सांगितलंच नाही. त्यांनी बांबूची कामटी घातली, पाणी उसळलं आणि... असो. वीस मिनिटं हात नळाखाली धरला, मग डॉक्टर. थोडक्यात निभावलं.

आता मुद्दा. नालीत अडकतं काय? थिजलेलं तेल-तूप, शितं, चहाचा चोथा, पालापाचोळा, पिशव्या. बाजारातलं साधं ॲसिड म्हणजे पाणी मिसळलेलं हायड्रोक्लोरिक. ते क्षारांचे डाग खातं. तुपाचं आणि प्लॅस्टिकचं काही वाकडं करत नाही. खातं कुणाला, तर चेंबरच्या सिमेंटला! कॉस्टिक सोडा चरबीचा साबण करतो हे खरं, पण पाण्यात भयंकर तापतो आणि कातडीलाही सोडत नाही. ॲसिडवर कुणी ब्लीच ओतलं तर क्लोरीन वायू, म्हणजे बोंबलाच.

"आम्ही बुवा इको-फ्रेंडली" म्हणणाऱ्यांनीही लगेच हसू नये. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की फेस झकास येतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात. उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. उघड्या नालीत वायू वर उडून जातो, बोळा जागचा हलत नाही. गूळ, साली, पाणी १:३:१० घेऊन केलेलं बायो-एंझाइम फरशी पुसायला छान. ते तयार व्हायला तीन महिने लागतात, तोवर नाली थांबणार आहे का?

मग करायचं काय? डीबगिंग! एकेक चेंबर उघडून बघा. शेवटचा भरलेला आणि त्यापुढचा पहिला रिकामा, बग या दोघांच्या मध्ये. खालच्या चेंबरच्या पुढच्या तोंडाला जाळी लावा, म्हणजे निघालेला कचरा पुढे जाऊन पुन्हा अडकणार नाही. लांब रबरी हातमोजे घाला आणि कामटी किंवा प्लंबरची स्प्रिंग चालवा. वरून कचरा काढायला फावडं, हात नाही. मोकळं झालं की चार बादल्या पाणी भसकन ओता. तेलकटपणाला कोमट पाणी आणि साबण पुरे. उकळतं नको, पीव्हीसी पाइप मऊ पडतो. पाला खताच्या खड्ड्यात, तुपाचा गोळा आणि पिशव्या कचऱ्यात. आणि घरी? कढईतलं तेल कागदाने पुसून मगच घासायला टाका, सिंकला जाळी लावा. एवढंच.

यात नवीन काहीच नाही. मग ॲसिड का खपतं? कारण झाकण उघडून आपलीच घाण बघायची आपल्याला किळस येते. ओतायचं, झाकायचं, विसरायचं. उरलेला धोका मामांच्या हातावर. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवायला बंदी आहे. आमची नाली गुडघाभर खोल, कायदा तिच्यापर्यंत पोचो न पोचो, पण हात तोच ना?

मीटिंगमध्ये मी दोन ठराव मांडलेत. सोसायटीच्या खर्चाने हातमोजे आणि स्प्रिंग. आणि दर महिन्याला चेंबर उघडताना एका फ्लॅटवाल्याने तिथं उभं राहायचं. पहिला नंबर माझा, या रविवारी. दुसऱ्या ठरावाला अजून अनुमोदक मिळालेला नाही!