पोटगी आणि सातबारा
पोटगी मागितली की “सातबारा वडिलांच्या नावावर, मी कुठून देऊ?” हे उत्तर गावोगाव ठरलेले. शेतकरी बांधवांनो, कोर्टात एवढ्यावर भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात शेतकऱ्यांसाठी वेगळे प्रतिज्ञापत्रच आखून दिले : जमीन बागायत की जिरायत, पिके कोणती, गाई-म्हशी किती, सगळे लिहायचे. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून. जुने कलम १२५ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४ झाले आहे. बाईला माहेरच्या तालुक्यातूनही अर्ज करता येतो. वकील विधी सेवा समितीकडून फुकट. पाच वर्षांखालचे मूल हिंदू कायद्याने साधारणपणे आईकडेच. सरपंच, पोलीस पाटलांनी बैठकीत सोडचिठ्ठीवर अंगठा घेण्याआधी हे तिला सांगावे.